त्रिकोणी जाळ्यातील लघुतम कोनाचा प्रश्न : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
पूल, धरण किंवा विमानाचा पंख यांवरील ताणाचे गणित संगणकाने करताना आकृतीचे लहान लहान त्रिकोणांत विभाजन केले जाते. या परिमित घटक पद्धतीत त्रिकोण फार निमुळते नसावेत, हा अभियंत्यांचा अनुभव होता. या अनुभवाला सिद्धतेचा आधार कसा मिळाला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

कोनाची अट :
लघुतम कोन शून्याकडे झुकू न दिल्यास त्रुटीवर मर्यादा घालता येते, हे चेक गणितज्ञ मिलोश झ्लामल यांनी १९६८ मध्ये दाखविले. ही अट पुरेशी असली तरी अनिवार्य नाही, खरा धोका १८० अंशांजवळ जाणाऱ्या कोनाचा आहे, असे १९७६ मध्ये बाबुश्का व अझीझ यांनी स्पष्ट केले. तथापि लघुतम कोन २० अंश असल्यास महत्तम कोन १४० अंशांपलीकडे जाऊ शकत नाही. म्हणजेच एका अटीने दोन्ही टोके सांभाळली जातात.

हमीचा शोध :
रशियन गणितज्ञ बोरिस देलोने यांनी १९३४ मध्ये मांडलेल्या त्रिकोणीकरणात कोणत्याही त्रिकोणाच्या परिवर्तुळाच्या आत दुसरा शिरोबिंदू नसतो. दिलेल्या बिंदूंपुरता लघुतम कोन येथेच सर्वाधिक मोठा राहतो, हे १९७० च्या दशकात सिद्ध झाले. परंतु मूळ बिंदूच गैरसोयीचे असतील, तर एवढ्याने भागत नाही. १९८९ मध्ये पॉल च्यू यांनी सदोष त्रिकोणाच्या परिकेंद्रावर नवा बिंदू घालण्याची रीत मांडली. परिवर्तुळ रिकामे असल्याने हा बिंदू जुन्या प्रत्येक बिंदूपासून किमान परित्रिज्येइतका दूर पडतो. त्यामुळे बिंदूंची गर्दी न होता प्रक्रिया थांबते. च्यू यांच्या जाळ्यात सर्व कोन ३० ते १२० अंशांत राहतात. मात्र त्रिकोण जवळपास एकाच मापाचे असल्याने त्यांची संख्या फार वाढते. जिम रुपर्ट यांच्या १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रीतीत बारीक तपशिलाजवळ लहान व अन्यत्र मोठे त्रिकोण येतात आणि सुमारे २०.७ अंशांच्या लघुतम कोनाची हमी मिळते. जोनाथन शूचक यांच्या 'ट्रँगल' या संगणकप्रणालीमुळे १९९६ पासून ही रीत सर्वांना वापरता येऊ लागली.

समारोप :
ही हमी निरपवाद नाही. मूळ आकृतीच्या दोन सीमारेषांमधील कोनच अरुंद असेल, तर तो कोणत्याही रीतीने रुंदावता येत नाही. तरीही संगणकपूर्व काळात शुद्ध भूमितीसाठी मांडलेले 'रिकाम्या वर्तुळा'चे तत्त्व पाच दशकांनी या हमीचा पाया ठरले. मूलभूत संशोधनाची उपयुक्तता तात्कालिक निकषांवर ठरविणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात घ्यावा.