आबांची कडब्याची गंज



सोयाबीनची रास झाली, रान मोकळं झालं, आणि गावातून आणखी एक बैलजोडी बाजाराला गेली. आता दावणीला बैल असलेली घरं हाताच्या बोटांवर मोजावी लागतात. सगळे म्हणतात, ट्रॅक्टर आला म्हणून बैल गेला. मला ते अर्धंच खरं वाटतं. ट्रॅक्टर नंतर आला, आधी बैलाचा चारा गेला. आमच्या आजोबांचं, म्हणजे आबांचं आयुष्य एका ओळीत मांडून बघितलं की हे दिसतं. म्हणून आजची नोंद आबांवर.

आमचं गाव कंधार आणि अहमदपूर तालुक्याच्या शिवेवर. आबा जन्मले ते निजामाच्या राज्यात. शेजारचा अहमदपूर तालुका त्यांच्या डोळ्यांदेखत आधी बिदर जिल्ह्यात होता, 1956 ला उस्मानाबादेत आला, 1982 ला लातुरात गेला. आबा म्हणायचे, "जिल्हे बदलले, बांध हाय तिथंच हाय." सप्टेंबर 1948 च्या पोलीस ॲक्शनच्या वेळी ते बारा-तेरा वर्षांचे होते. हाली सिक्क्याचे सात रुपये म्हणजे इंग्रजी सहा, हा हिशेब त्यांना म्हातारपणीही तोंडपाठ होता. लेव्हीला धान्य घातल्यावर घरात काय उरायचं, तेही ते विसरले नव्हते.

पणजोबा दुसऱ्याची जमीन कसायचे. 1949 ला जहागिऱ्या गेल्या, 1950 ला हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. कागदावर कुळाला संरक्षण मिळालं, पण हातात जमीन यायला कैक वर्षं कचेरीचे उंबरे झिजवावे लागले. शेवटी सात एकर काळं रान घराच्या नावावर झालं. जमीन मिळाली तरी ती कसायला बैल पाहिजे. आबांनी दोन वर्षं सालगडी म्हणून साल घातलं, आणि माळेगावच्या जत्रेतून लाल कंधारीचा एक गोऱ्हा आणला. दुसरा पुढच्या साली. ही घरची पहिली जोडी.

लाल कंधारी आपल्याच मातीतली जात. अंगानं एकसारखी तांबडी, उन्हाला दमदार, आणि वाळल्या चाऱ्यावर निभावणारी. तिकडं लातूरच्या बाजूला देवणी. वानेरा, बालंक्या, शेवरा असे तिचे तीन रंग. दोन्ही जाती ज्वारीच्या मुलखात घडल्या. ज्वारी म्हणजे माणसाला भाकर आणि जनावराला कडबा. एकाच ताटावर दोघांची पोटं. त्या काळातली गावरान ज्वारी इतकी उंच वाढायची की आत शिरलेला माणूस दिसायचा नाही. खरिपातली गावरान ज्वारी दिवस लहान झाल्यावरच निसवायची, त्यामुळं दाणा भरेपर्यंत पाऊस सरलेला असायचा आणि ज्वारी काळी पडत नसायची. रब्बीला दगडी नाहीतर मालदांडी. उतारा कमी होता, हे खरंच. पण कडबा भरपूर.

आबांचा एक नियम होता. यंदाचा कडबा घरात आल्याशिवाय मागच्या सालची गंज पुरती मोडायची नाही. म्हणजे आखाड्यावर नेहमी एक गंज जास्तीची उभी. खाली दगड, त्यावर लाकडं, म्हणजे उधई लागत नाही. पेंढ्या बाहेरून उतरत्या लावायच्या, म्हणजे पाणी आत मुरत नाही. गंज रचायचं काम ते दुसऱ्या कुणाला देत नसत.

त्या नियमाचा कस लागला 1972 ला. आधीची दोन वर्षंही पावसानं दगा दिलेला, आणि त्या साली तर पेरलेलं उगवलंच नाही. जनावरं कवडीमोलानं जात होती. आमच्या आखाड्यावर मागच्या सालची एक गंज होती. व्यापारी दोनदा येऊन गेला, दर चढवून गेला. घरात दाणा नव्हता, आजीच्या मांडीवर पोर होतं. गंज विकली असती तर चार महिन्यांचं धान्य आलं असतं. आबा नाही म्हणाले. ते आणि आजी दोघं दुष्काळी कामावर गेले. आधी खडी फोडली, मग पाझर तलावाची माती वाहिली. कामावर सुकडी मिळायची, रेशनला अमेरिकेची लाल मिलो. आजी सांगायची, मिलोची भाकर थापायला गेलं की तुटायची. ती खाऊन दिवस काढले, आणि रोज संध्याकाळी मोजून पेंढ्या बैलांपुढं पडल्या.

आजीला हे पटलं नव्हतं. तिनं ते कधी लपवलंही नाही. "माणसापरीस बैल मोठा होता तुमच्या आबाला," असं ती आम्हा नातवंडांपुढं त्यांच्या तोंडावर म्हणायची. आबा गप ऐकून घ्यायचे. त्यांचं उत्तर पुढच्या हंगामात होतं. 1973 ला पाऊस झाला तेव्हा गावात ज्यांची जोडी शिल्लक होती त्यांची पेरणी वेळेवर झाली, बाकीचे औतासाठी वाट बघत बसले. आबांनी स्वतःची तिफण उरकली आणि मग भावकीतल्या तिघांची रानं पेरून दिली. आजी बरोबर की आबा, हे मी आजही ठरवत नाही. पोरांनी मिलो खाल्ली हेही खरं, आणि घर उभं राहिलं हेही खरं.

आता चारा कसा गेला ते. देशातला ज्वारीचा पहिला संकरित वाण, सीएसएच-1, 1964 ला आला. पुढं काही वर्षांत आपल्याकडं 'हायब्रीड' पोहोचली. धान्य दुप्पट झालं, दुष्काळानंतर लोकांना तेच पाहिजे होतं. पण ताट बुटकं, कडबा थोडा, आणि लवकर निसवत असल्यानं परतीच्या पावसात सापडून दाणा काळा पडायचा. आबांनी खरिपात दोन एकर हायब्रीड धरली, पण रब्बीची मालदांडी सोडली नाही. "पोटाला ही, दावणीला ती," अशी त्यांची वाटणी.

मग सोयाबीन. 1994 ला जेएस-335 हा वाण प्रसारित झाला आणि बघता बघता लातूरचा बाजार सोयाबीनचा झाला. शेतकरी चुकला असं मी म्हणणार नाही. शंभर दिवसांत पीक, दिवाळीला रोख पैसा, मागं हरभऱ्याला रान मोकळं. ज्वारीला पाखरं राखा, काढणीला माणसं शोधा, आणि भाव कुणी विचारीना. आबांनीही सोयाबीन पेरलं. पहिल्या वर्षी रास झाल्यावर त्यांनी गुळीचा ढीग हातानं चाळून बघितला आणि एवढंच विचारलं, "ह्यात बैलानं काय खायचं?" सोयाबीन पक्व होताना पानं गाळतं. मळणीनंतर उरतात शेंगांची टरफलं आणि काड्या.

हिशेब साधा आहे. एका बैलाला दिवसाला सहा-सात किलो वाळला चारा धरा, जोडीला वर्षाचे साडेचार-पाच टन लागतात. एवढा कडबा विकत घेऊन बैल पोसणं कुणालाच परवडत नाही. ज्वारी गेली, कडबा गेला, बैल विकला, शेण गेलं. जोडीचं रोज वीस किलो ओलं शेण धरलं तरी वर्षाचं सात टनांवर जातं. तेवढं दरसाल रानात जायचं बंद झालं. आज आपल्या भागातले माती तपासणीचे कागद बघा, सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली आलेली रानं किती आहेत ते मोजा. आम्ही खताच्या गोण्या वाढवल्या, पण कर्ब गोणीतून येत नाही.

आणि ज्या रोख पैशासाठी हे सगळं केलं, त्याचाही भरवसा राहिला नाही. 2024-25 ला सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता आणि बाजारात कित्येक दिवस त्याच्या खाली लिलाव निघाले.

वेळ अमावस्येला आजही आपण रानात कडब्याची कोप करतो, पांडव मांडतो, आंबील-भज्जी करतो. कैक जणांना आता कोपीपुरता कडबा दुसऱ्याकडून आणावा लागतो. यावर जास्त काही लिहीत नाही.

सगळ्यांनी सोयाबीन मोडून ज्वारीकडं वळा, असा सल्ला मी देत नाही. घराघराचं गणित वेगळं असतं. पण ज्यांच्याकडं अजून जनावर आहे त्यांनी सात-आठ एकरांत एक एकर दावणीच्या नावानं काढावा. सोयाबीन काढून रब्बी ज्वारी पेरायला उशीर होतो, म्हणून तो एकर खरिपात उडीद किंवा मुगाला ठेवावा. मग हस्ताच्या ओलीवर ज्वारी साधते. मालदांडी आहेच, परभणी विद्यापीठाची परभणी मोतीही आहे. दोन्हींत दाणा आणि कडबा दोन्ही मिळतं. एका एकरात जोडीचा वर्षभराचा चारा होणार नाही, पण हरभऱ्याचा भुसा, गुळी आणि बांधावरचं गवत जोडीला घेतलं की विकतचा चारा बराच कमी होतो.

यंदा उडदाच्या मोकळ्या रानात मी मालदांडी पेरली. उगवण चांगली आहे, आता पोंगे मरतात का ते बघतोय. खोडमाशीचं काय झालं ते पुढच्या नोंदीत लिहितो.