साखर विरघळते, तेल का नाही? पाण्याचा हा गुण प्रत्येक घराला माहीत हवा

शरबतात साखर घालून ढवळली की ती दिसेनाशी होते. सालनावरचा तेलाचा तवंग मात्र कितीही ढवळलं तरी पुन्हा वर येतो. याचं कारण पाण्याच्या रेणूत आहे.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक आणि हायड्रोजनचे दोन अणू असतात. ऑक्सिजनच्या बाजूला किंचित ऋण विद्युतभार असतो, हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन.

मीठ: यात धनभारित सोडियम आणि ऋणभारित क्लोराइड असे कण असतात. पाण्याचे रेणू त्यांना चहूबाजूंनी वेढून एकमेकांपासून सोडवतात.

साखर: हिच्यात असे भारित कण नसतात. पण तिच्या रेणूंवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात. पाणी त्यांना सहज धरून ठेवतं.

तेल: त्याच्या रेणूंवर पाण्याला धरण्यासारखा भार जवळजवळ नसतो. पाण्याचे रेणू एकमेकांनाच धरून राहतात, तेल बाजूला पडतं आणि हलकं असल्यानं वर तरंगतं. साबणाचं एक टोक तेलाला आणि दुसरं पाण्याला धरतं, म्हणून तेलकट भांडी साबणानं निघतात.

विरघळण्यालाही मर्यादा आहे. 20 अंश सेल्सिअसला 100 ग्रॅम पाण्यात मीठ सुमारे 36 ग्रॅम विरघळतं, साखर मात्र सुमारे 200 ग्रॅम. पाणी तापवलं की साखर आणखी बरीच मावते, मिठात फारसा फरक पडत नाही.

आता आरोग्याचा मुद्दा. विरघळलेला पदार्थ डोळ्यांना दिसत नाही, कापडानं गाळला जात नाही आणि तुरटी फिरवल्यानं खाली बसत नाही. तुरटीनं गढूळपणा जातो, उकळल्यानं जंतू मरतात. पण बोअरच्या पाण्यात विरघळलेलं फ्लोराइड किंवा नायट्रेट उकळून जात नाही. उलट पाण्याची वाफ होते आणि त्यांचं प्रमाण थोडं वाढतं.

आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलातल्या फ्लोराइडचा त्रास आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोत नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत. वर्षानुवर्षं जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर मुलांच्या दातांवर डाग पडतात, हाडं आणि सांधे दुखावतात. नायट्रेटची मर्यादा 45 मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त असलेल्या पाण्यात तान्ह्या बाळाची दूध पावडर कालवू नये, पाणी उकळलेलं असलं तरी.

म्हणून बोअर किंवा विहिरीचं पाणी पीत असाल तर ते एकदा तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ही सोय असते. फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त निघालं तर पिण्यासाठी दुसरा सुरक्षित स्रोत शोधा किंवा आरओ वापरा. पाणी नितळ दिसतं एवढ्यावर विसंबू नका.