घराचा दस्तऐवज आणि घराचा उंबरठा

“घर माझ्या नावावर आहे, मग तिला बाहेर काढण्यास कोणाची परवानगी हवी?” मोडलेल्या संसाराबरोबर हा प्रश्न धर्मग्रामाच्या कचेरीतही येतो. आमच्या कन्हानच्या परिसरात खाणीतील वा कारखान्यातील निवृत्तीचा पैसा घालून माणूस चार भिंती उभ्या करतो. त्याच्या प्रश्नामागे जन्माची कमाई असते, आणि समोर पुष्कळदा माहेर न उरलेली स्त्री असते. या प्रश्नाचा इतिहास म्हणूनच पाहावयास हवा.

आम्हा ख्रिस्ती लोकांस लागू झालेल्या १८६५ च्या भारतीय वारसा कायद्याने स्पष्ट सांगितले की, विवाहामुळे कोणासही जोडीदाराच्या मालमत्तेत हक्क प्राप्त होत नाही. १९२५ च्या कायद्याच्या २० व्या कलमात तेच तत्त्व पुढे आले. नियम दोघांना सारखा. पण घरे बहुधा पतीच्या नावावर! गोव्यात मात्र १८७० पासून पोर्तुगीज नागरी संहिता लागू होती. विवाहपूर्व वेगळा करार नसेल, तर तेथे पतिपत्नींची मालमत्ता समाईक. धर्म एक, विवाहसंस्कार एक. तरी मांडवीकाठची पत्नी अर्ध्या घराची धनीण, आणि कन्हानकाठची केवळ रहिवासी.

त्यात १८६९ चा घटस्फोट कायदा आला. पतीस पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरे होते. पत्नीस बहुधा व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये ही विषमता घटनाबाह्य ठरविली, आणि २००१ मध्ये संसदेने कायदा सुधारला. मधल्या शतकाहून अधिक काळात कित्येकींचा विवाह कागदावर टिकला, घर तेवढे गेले. अब्राहामाने हागारेला निदान भाकर आणि पाण्याची मसक तरी दिली होती.

मुंबईतील उंद्रे खटला या संदर्भात आम्हांस फार बोलका वाटतो. एका नामवंत शल्यचिकित्सकाने पत्नीस घरात येण्यास मनाई करावी, असा दावा केला होता. दोघांचे एकत्र राहणे अशक्य झाले होते, हे न्यायालयासही दिसत होते. तथापि १९८२ च्या निर्णयसंग्रहात प्रसिद्ध झालेल्या या निकालाने तिला रस्त्यावर काढले नाही. सदनिका मोठी होती. तिचा एक भाग पत्नीसाठी राखून ठेवला, आणि शल्यचिकित्सकास शांत चित्ताने काम करता यावे म्हणून त्याच्या भागात जाण्यास तिला मनाई केली. एका छपराखाली दोन उंबरठे! हा तोडगा काही सुखाचा नव्हे. पण लहान घरात तर तोही शक्य नसतो.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने मालकी आणि निवास या गोष्टी वेगळ्या केल्या. सामायिक घरावर नाव कोणाचेही असो, स्त्रीस तेथे राहण्याचा हक्क मिळाला. कायदेशीर मार्गावाचून तिला काढता येत नाही. सासूच्या मालकीचे घर सामायिक नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटले. २०२० मध्ये त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ते मत चुकीचे ठरविले.

घटस्फोटानंतरची गोष्ट निराळी. परित्यक्ता आणि घटस्फोटिता यांची स्थिती एक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितले. घटस्फोटितेचा निवास हुकूमनाम्यातील अटींवर अवलंबून राहतो. म्हणून पोटगी आणि निवास यांचा मजकूर हुकूमनाम्यात येण्यापूर्वी सही करू नये, असे आम्ही भगिनींना आवर्जून सांगतो. मालक पुरुष असला तरी कुलूप बदलणे हा मार्ग नव्हे. त्याने न्यायालयातच जावे. आणि घर स्त्रीचे असून छळणारा पुरुष निघत नसेल, तर कायद्याच्या १९ व्या कलमाखाली दंडाधिकारी त्यास घर सोडण्याचा आदेश देऊ शकतात. मग तो पती असो वा विवाहाविना पतीसारखा राहिलेला. स्त्रीविरुद्ध मात्र या कलमाखाली तसा आदेश देता येत नाही.

ख्रिस्तसभेच्या न्यायासनाने विवाह मुळातच अवैध होता असा निर्णय दिला, की सारी देणी फिटली, अशी समजूत आपल्यात आहे. ती खरी नव्हे. धर्मसभेच्या कायदेसंहितेच्या १६९१ व्या नियमानुसार, परस्परांचे आणि मुलांचे पालनपोषण व शिक्षण यांविषयीच्या नैतिक आणि दिवाणी जबाबदाऱ्यांची आठवण त्या निर्णयपत्रातच दोघांना करून द्यावी लागते.