मावळातल्या विलायती फटफट्या

मोटारसायकल हा शब्द कागदावरचा. विम्याच्या पावतीवर तो आढळतो, नोंदणीच्या पुस्तकात आढळतो. तोंडातला शब्द फटफटी. ज्याने तो पहिल्यांदा उच्चारला त्याला ते यंत्र दिसण्याआधी ऐकू आले असले पाहिजे. एका सिलिंडरच्या जुन्या विलायती गाडीचा आवाज खरोखरच तसा तुटक येतो. दोन ठोक्यांच्या मध्ये ऐकणाऱ्याने हुंकार द्यावा इतकी त्यात फुरसत असते.

या फटफट्यांना आता पुन्हा गिऱ्हाईक आले आहे. पूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी पोत्यावर मांडलेल्या लोखंडात त्यांचे हातपाय शोधावे लागत. आता माणसे त्यांच्यासाठी गावोगाव हिंडतात. या शौकिनांत पुन्हा पोटजाती आहेत. कोणाला लष्करी गाडी हवी, कोणाला सडकेवर धावणारी, आणि काही थोड्यांना हवी ती चिखलात आणि डोंगरउतारावर शर्यत खेळणारी, जिला आज मोटोक्रॉसची गाडी म्हणतात. माझे एक स्नेही या शेवटच्या पंथातले. त्यांच्या नादाने मी भोर आणि वेल्हे हे दोन तालुके नव्याने पाहिले, आणि पाहता पाहता या छंदाचा इतिहासही थोडाफार समजून घेतला. तो सांगण्यासारखा आहे.

मोटोक्रॉस हे नाव फ्रेंच वळणाचे असले तरी खेळ इंग्रजांचा. ते त्याला 'स्क्रँबल' म्हणत. धडपडत, हातापायांवर वर चढणे असा त्या शब्दाचा अर्थ. २९ मार्च १९२४ रोजी सरे परगण्यातील कँबर्ली हीथ या माळावर पहिली स्क्रँबल झाली. त्या काळी मोटारसायकलींच्या कसोट्या होत. त्यांत वेगापेक्षा कौशल्याला गुण असत. ते गुणबिण बाजूला ठेवून, जो आधी पोचेल तो पहिला, असे कोणीतरी ठरवले आणि नवा खेळ जन्माला आला. या खेळासाठी वेगळी गाडी तेव्हा नव्हतीच. रोज कामावर न्यायची गाडी रविवारी घ्यायची, तिचा दिवा काढायचा, चिखल अडकतो म्हणून मडगार्ड कापायचे, पाण्यात बुडतो म्हणून धूर सोडणारा सायलेन्सर वर उचलायचा, चढण चढावी म्हणून मागचे दातेरी चक्र मोठे बसवायचे. इतके केले की झाली शर्यतीची गाडी. ही यादी वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे ती आपल्याला वेल्ह्यात भेटणार आहे.

कारखानदारांनी पुढे तयार शर्यती गाड्या काढल्या. बर्मिंगहॅमची बी.एस.ए. म्हणजे मुळात १८६१ साली स्थापन झालेली बंदुका बनवणारी मंडळी. तिची 'गोल्ड स्टार' या खेळात फार गाजली. मॅचलेस आणि ए.जे.एस. यांनीही आपापले घोडे उतरवले. सर्वांत मनोरंजक जन्मकथा मात्र ग्रीव्ह्ज या गाडीची. बर्ट ग्रीव्ह्ज नावाच्या गृहस्थाचा चुलतभाऊ पायांनी अधू होता. त्याच्या चाकांच्या खुर्चीला बर्टने गवत कापायच्या यंत्राचे इंजिन जोडून दिले. त्यातून अपंगांच्या गाड्यांचा कारखाना निघाला, आणि त्याच कारखान्यातून पुढे निघालेल्या हलक्या गाडीवर डेव्ह बिकर्सने १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे २५० सी.सी. गटात युरोपचे अजिंक्यपद मिळवले. भावाच्या खुर्चीपासून चिखलातल्या शर्यतीपर्यंत ही वाट गेली! मोठ्या गटात बी.एस.ए.वर बसून जेफ स्मिथने १९६४ आणि १९६५ चे जागतिक विजेतेपद जिंकले. तो ब्रिटिश गाड्यांचा कळस. पुढल्याच वर्षी झेकोस्लोव्हाकियाच्या हलक्या दोन-स्ट्रोक गाडीने ते पद नेले. बी.एस.ए.ने वजन घटवण्यासाठी टायटॅनियमचा महागडा सांगाडा करून पाहिला. पण तो तडकला की मैदानावर झाळता येत नसे. काही वर्षांत तो प्रचंड कारखानाही बुडाला.

आता प्रश्न असा की या गाड्यांचा आणि मावळाचा संबंध काय? गोल्ड स्टार, ग्रीव्ह्ज वगैरे मंडळी चिखल तुडवीत होती तेव्हा आपल्याकडे परकीय चलनाची टंचाई होती आणि आयातीची दारे जवळजवळ बंद होती. एन्फील्डची जुळणी मद्रासला १९५५ नंतर सुरू झाली, झेक जावा १९६१ पासून म्हैसूरला बनू लागली. इंग्लंडातल्या रविवारच्या खेळासाठी बनलेली गाडी इकडे कोण आणणार? आणि पुढेही, परदेशातून जुनी गाडी आणायची तर ती १ जानेवारी १९५० पूर्वी बनलेली असावी, असा नियम बरीच वर्षे होता. म्हणजे स्क्रँबलचा सुवर्णकाळ नेमका कुंपणाबाहेर राहिला.

आपल्याकडे आली ती तिची थोरली, जाडजूड बहीण. दुसऱ्या महायुद्धात निरोप पोचवणाऱ्या शिपायांसाठी ब्रिटिश कारखान्यांनी लाखांनी मोटारसायकली बनवल्या. एकट्या बी.एस.ए.ने एम-२० या गाडीचे सव्वा लाखावर नग लष्कराला दिले. ४९६ सी.सी.चे इंजिन, पण ताकद अवघी १३ अश्वशक्ती; वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास; मागच्या चाकाला स्प्रिंग नाही, सगळा भार खोगिराखालच्या दोन स्प्रिंगांवर. वेग बेताचा, पण बैलासारखी चिवट. नॉर्टन आणि मॅचलेसच्याही अशाच लष्करी आवृत्त्या होत्या. युद्ध संपले, छावण्या रिकाम्या झाल्या आणि 'डिस्पोजलचा माल' हा शब्द मराठीत रूढ झाला. घोंगड्या, तंबू, पाण्याच्या बाटल्या, जीप आणि फटफट्या लिलावात निघाल्या. पुणे, खडकी, देहूरोड हा तर लष्कराचाच टापू. तिथून पन्नासेक किलोमीटरवर भोर आणि वेल्हे.

भोर हे पंतसचिवांचे संस्थान, ८ मार्च १९४८ रोजी मुंबई राज्यात विलीन झालेले. वेल्ह्याला तोरणा आणि राजगड यांची साथ. तालुक्याला राजगड हे नाव देण्याचे मंत्रिमंडळाने २०२४ साली ठरवले, पण गाव वेल्हेच राहिले. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी या नद्यांची खोरी, मध्ये डोंगरांच्या सोंडा, पावसाळ्यात भातखाचरांचा चिखल आणि ओढ्यांचे पाणी. कँबर्लीच्या माळावर जे मुद्दाम शोधावे लागले ते इथे दारात होते. इथे फटफटी आली ती खेळायला नव्हे, कामाला.

वेल्ह्याच्या बाजूच्या एका वाडीत गोठ्यात एक जुनी गाडी आहे असे स्नेह्यांना कळले, तेव्हा मी बरोबर गेलो होतो. गवताच्या भाऱ्यांमागे ती उभी होती. एम-२० होती यात शंका नव्हती, परंतु कारखान्यातून निघाली तशी नव्हती. मागचे मडगार्ड अर्धे कापलेले. सायलेन्सरच्या जागी पाण्याचा नळ वाकवून वर उचललेला. मागचे दातेरी चक्र लेथवर नवे कातलेले, मूळ मापाहून मोठे. पाठीमागे दुधाच्या कॅनसाठी लोखंडी चौकट. स्नेह्यांचा चेहरा उतरला.

"आजोबा, हिचं एवढं काय करून ठेवलंय?" त्यांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारले.

"काय करून ठेवलं म्हंजी?" म्हातारबुवांना प्रश्नाचेच नवल वाटले. "वढ्यात बुडायचा नळ, म्हनून वर घेतला. चिखल गच्च बसून चाक फिरायचं न्हाई, म्हनून पत्रा कापला. आन् दोन कॅन घिऊन चढ चढंना, म्हनून भोरच्या मिस्त्रीकडनं चक्कर करून घेतलं. आमच्या वडलांनी खडकीवरनं आणली तवा नुसती शोभंची व्हती. कामाची आमी केली."

वाचकांना ती यादी आठवत असेल. तेच मडगार्ड, तोच नळ, तेच चक्र. सरेच्या शौकिनाने जे खेळासाठी केले तेच मावळच्या दूधवाल्याने पोटासाठी केले, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. चिखल हाच दोघांचा गुरू. माझ्या मते ती गाडी म्हणजे अस्सल मावळी स्क्रँबलर होती. फक्त तिने शर्यत कधी खेळली नाही.

परंतु बाजार असे मानत नाही. या छंदात 'मूळचे' या शब्दाला सोन्याचा भाव आहे. गिऱ्हाईक प्रथम क्रमांक पाहतो, एक इंजिनावरचा आणि एक सांगाड्यावरचा. नवशिक्याला वाटते की दोन्ही जुळले म्हणजे गाडी खरी. गंमत अशी की बी.एस.ए.च्या त्या काळच्या गाड्यांवर हे दोन क्रमांक कारखान्यातूनच वेगवेगळे पडत. युद्धातल्या एम-२० वर दोन्हींच्या आधी 'डब्ल्यू.एम.२०' अशी अक्षरे असत, पुढचे आकडे जुळतीलच असे नव्हे. तेव्हा दोन्ही आकडे तंतोतंत एक दिसले तर आनंदून जाण्याऐवजी, कोणी छिन्नी चालवली की काय, असा संशय घ्यावा. गोल्ड स्टारचे तसेच. तिच्या घरातल्या साध्या गाडीला चकचकीत टाकी बसवून ती गोल्ड स्टार म्हणून खपवता येते. पण अस्सल सांगाड्याची उजवीकडची खालची नळी तेलाच्या पंपाला जागा देण्यासाठी किंचित आत वाकवलेली असते. जाणता गिऱ्हाईक टाकीकडे न पाहता आधी वाकून ती नळी पाहतो. मुलगी पाहायला गेलेल्या जुन्या काळच्या आत्याबाईंचीच ही तऱ्हा!

कायद्यानेही याच 'मूळ' शब्दावर बोट ठेवले आहे. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली खासगी दुचाकी किंवा मोटार 'व्हिंटेज' ठरते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, पुढल्या नोंदणीला पाच हजार; पाटीवर 'व्ही.ए.' ही अक्षरे. रोजच्या वापराला मनाई. नियम चांगले आहेत. अट मात्र अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, तिच्या सांगाड्यात वा इंजिनात भरीव फेरफार झालेला नसावा. आता आमच्या गोठ्यातल्या गाडीचे काय करावे? तिला कायद्याच्या आणि बाजाराच्या दृष्टीने अब्रूदार करायचे तर विलायती मडगार्ड, विलायती सायलेन्सर मागवावे लागणार आणि भोरच्या मिस्त्रीचे चक्र भंगारात जाणार. गाडी पुन्हा १९४० सालची होईल, हे खरे. पण त्यानंतर तिने मावळात जी सारी वर्षे काढली, त्यांचा पुरावा आपणच पुसून टाकलेला असेल.

आणि तो पुरावा साधासुधा नाही. विलायतेतून सुटे भाग येणे बंद झाले तेव्हा या गाड्या चालत्या ठेवल्या त्या आपल्या मिस्त्रींनी. छापील पुस्तक त्यांच्याजवळ नव्हते. इंग्रजी पान्यांची मापे ते सुतात सांगत, चार सुताचा, पाच सुताचा, आणि आटे बोटाने चाचपून ओळखत. इंग्रजी कार्ब्युरेटरचे नाव 'अमल'. ते तर त्यांना घरचेच वाटे. बर्मिंगहॅमचा टायटॅनियमचा सांगाडा मैदानावर झाळता आला नाही. आमच्या वेल्डिंगवाल्याने एम-२० चा तुटका पाय बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला जोडून दिला आणि गिऱ्हाईक संध्याकाळच्या आत घरी पोचले. ज्या कारखान्यांनी या गाड्या बनवल्या त्यांचे इतिहास छापून निघाले आहेत. ज्यांनी त्या जगवल्या त्यांची नावे मात्र त्यांच्या मुलांनाही पुरती ठाऊक नसतात.

म्हणून मला वाटते, या छंदात दोन धर्म आहेत आणि दोन्ही पाळता येतात. ज्या गाडीचे मूळ भाग शिल्लक आहेत ती मूळ रूपात राखावी. ती कारखान्याची आठवण. पण जी गाडी मावळाने घडवली ती तशीच ठेवावी. ती मावळाची आठवण. आणि काही बदलणे भागच पडले तर काढलेला तुकडा टाकू नये. त्याला चिठ्ठी बांधून पोत्यात ठेवावा. कोणी कातला, कुठे, कशासाठी, हे वहीत उतरवावे. क्रमांकावर छिन्नी तर मुळीच चालवू नये. एकदा पुसलेला आकडा ब्रह्मदेवालाही पुन्हा वाचता येणार नाही.

माझ्या स्नेह्यांना हे पटले की नाही सांगता येत नाही. त्यांनी किंमत विचारली, म्हातारबुवांनी "इकायची न्हाई पाव्हणं, च्या घ्या" एवढेच उत्तर दिले. मात्र पुढल्या खेपेला स्नेही वही घेऊन गेले, हे मी पाहिले आहे. त्या वहीत आज तीन मिस्त्रींची नावे आहेत.

दिवाळीच्या आधी घरोघर सफाई होते. माळ्यावरचे, गोठ्यातले लोखंड भंगारवाल्याच्या काट्यावर चढते. त्यात एखादी गंजलेली टाकी, एखादे हँडल, पत्र्याच्या डब्यातले नोंदणीचे पिवळे पुस्तक असू शकते. काट्यावर चढवण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वडील माणसाला जरा विचारा, हे कोणाचे, कुठून आले, कोणी दुरुस्त केले. लोखंडाचा भाव भंगारवाला सांगेलच; बाकीचे सांगणारे माणूस पुढल्या दिवाळीला असेलच असे नाही.