मावळांतील गोत आणि महजरांवरील निशाण्या

जुन्या कागदांचा संग्रह करणार्‍या मंडळींस शिक्क्यामोर्तबाचा मोह फार. पातशाही फर्मान हातीं आलें तर तें रेशमी रुमालांत बांधावयाचें, आणि पाटलाचा नांगर, वाण्याचा तराजू, न्हाव्याचा वस्तरा अशा आकृती ओढलेला महजर मात्र दप्तराच्या तळाशीं पडावयाचा, असें आम्हीं पुष्कळ ठिकाणीं पाहिलें आहे. एका गृहस्थांनीं तर मजकूर चौकटींत नीट बसावा म्हणून खालचा निशाण्यांचा पट्टा कातरून टाकल्याचें आम्हांस कौतुकानें सांगितलें. त्यांनीं निवाडा ठेवला आणि निवाडा करणारे टाकून दिले!

हे निवाडा करणारे कोण, हें मावळांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें देशावरच्या भरल्या कसब्यांत दिसत नाहीं. रोहिड खोरें, वेळवंड खोरें, हिरडस मावळ, गुंजण मावळ, मोसे खोरें, मुठे खोरें ही सह्याद्रीच्या कुशींतील खोरीं. डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवावी, दहा-वीस उंबर्‍यांची वाडी करून रहावें, आणि पावसाळ्याचे चार महिने ओढ्यांनीं वाटा अडविल्या म्हणजे पलीकडच्या गांवाची वार्ताही येऊं नये, असा हा मुलूख. अहमदनगर व विजापूर येथील सत्तांचे ठाणेदार बदलत गेले. त्यांपैकीं खोर्‍याच्या टोकापर्यंत जाऊन बसणारे थोडे. तेव्हां सारा ठरविणें, पडीक जमीन लावणें, शिवेचा तंटा तोडणें हीं कामें पाटील, कुळकर्णी, देशमुख, देशपांडे यांच्याकडे व त्यांच्या सभोंवतीं जमणार्‍या गोताकडे राहिलीं. एका वाडींत बारा बलुते पुरे भरावयाचे नाहींत. म्हणून शेजारगांवचे मोकदम व बलुतेदार बोलवावे लागत, आणि गांवची सभा सहजच तर्फेची सभा होई.

‘गोत’ हा शब्द ‘गोत्र’ शब्दाचा अपभ्रंश असल्यामुळें ही भाऊबंदांची पंचाईत असावी असा समज होतो. आम्हांस तो मान्य नाहीं. याज्ञवल्क्यानें व्यवहाराध्यायांत राजनियुक्त अधिकारी, पूग, श्रेणि आणि कुल अशी निर्णय करणारांची उतरती परंपरा सांगितली आहे. मिताक्षराकार विज्ञानेश्वर पूग म्हणजे भिन्न जातींच्या व भिन्न वृत्तींच्या, परंतु एकाच स्थानीं राहणार्‍या लोकांचा समूह असा अर्थ करतो. ज्ञातिबांधवांचा समूह तें कुल. आतां महजराची हाजीर मजालस वाचावी. तींत मराठा पाटील आहे, ब्राह्मण कुळकर्णी आहे, सुतार, लोहार, महार आहेत, कित्येक ठिकाणीं काजी किंवा मुलाणीही आहे. हें कुल खास नव्हे. नांव कुलाचें राहिलें, काम पूगाचें झालें. आणि हें सिद्ध करावयास मजकुरापेक्षां निशाण्याच अधिक उपयोगी पडतात.

कामाची रीत सर्वांस परिचित आहे. वादी-प्रतिवादींनीं तकरीर लिहून द्यावी, निवाडा मान्य करूं असा राजीनामा व जामीन द्यावा, मग साक्षी-पुरावा. तेवढ्यानें न भागल्यास दिव्य. तापलेल्या तेला-तुपांतून धातूचा रवा काढावयाचें रवादिव्य म्हणजे स्मृतींतील तप्तमाषच होय. हरणारानें जिंकणारास येजितखत लिहून द्यावें. शिवेच्या वादांत महाराच्या साक्षीस मोठें वजन असे. ज्याला गांवानें वेशीबाहेर ठेविलें, त्याच्याच शब्दावर गांवची वेस ठरे! या गोष्टीचा विचार आमच्या पूर्वीच्या लेखकांनीं करावा तितका केला नाहीं.

तथापि गोताचें चित्र सोनेरी रंगवूं नये. रोहिड खोर्‍याच्या देशमुखीवरून जेधे आणि खोपडे यांचें जें वैर होतें, तें असल्या सभांनीं मिटण्यासारखें नव्हतें. 1659 सालीं अफजलखान आला तेव्हां कान्होजी जेधे शिवाजी महाराजांकडे राहिले व खंडोजी खोपडे खानास मिळाले. पाटीलच अन्यायी निघाला तर गरिबानें कोठें जावें? रांझ्याच्या पाटलानें बदअंमल केला, तेव्हां महाराजांनीं त्याचे हातपाय तोडविले आणि पाटिलकी त्याच्याच गोतांतील दुसर्‍यास दिली. शिक्षा राजाची, वतन मात्र गोताबाहेर गेलें नाहीं. पुढें रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत वतनदारांचें वतन चालवावें, पण त्यांस बळावूं देऊं नये, असें धोरण आलें आहे, त्याचें मूळ अशाच अनुभवांत आहे.

पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टननें 1819 च्या अहवालांत पंचायतींची बरीच वाखाणणी केली, दोषही दाखविले. परंतु अदालती सुरू झाल्यावर लोक तिकडे वळले व पंचायती सुकल्या. पुढें परगणा व कुळकर्णी वतनें 1950 च्या कायद्यानें आणि मुलकी पाटिलकी 1962 च्या कायद्यानें गेली. 1953 सालीं डॉ. वि. त्र्यं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हांपासून महजरांचें महत्त्व विद्वानांस पटलें आहे. पण घरोघरच्या पेटार्‍यांत ही जाणीव अजून पोंचली नाहीं. वेळवंड खोर्‍याचा कांहीं भाग भाटघरच्या जलाशयाखालीं गेला. तेथील जुन्या शिवा आतां कागदावरच शोधाव्या लागतात.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति एवढीच. महजराची नक्कल पाठवितांना निशाण्या जशाच्या तशा, ज्या क्रमानें व ज्या जागीं असतील त्याच जागीं काढाव्या. मजकूर फाटला असेल व केवळ खालचा तुकडा उरला असेल तर तोही पाठवावा.