तळटीप १४ : स्टीव्ही वंडर

१४. स्टीव्ही वंडर (जन्म १३ मे १९५०, सॅगिनॉ, मिशिगन) : अमेरिकन गायक, गीतकार-संगीतकार, बहुवादक. अपुऱ्या दिवसांचे जन्मले. काचपेटीतला प्राणवायू जास्त झाल्याने दृष्टी गेली. बालपण डेट्रॉइटमध्ये. अकराव्या वर्षी, १९६१ मध्ये, तिथल्याच मोटाऊन कंपनीशी करार झाला. १९६३ मध्ये ‘फिंगरटिप्स’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्यातली हार्मोनिका आणि बाँगो त्यांचेच. मजकुरातला ‘लिट्ल स्टीव्ही’ तो हाच.

‘सगळी वाद्ये एकट्याने वाजवली’ हे लेखकाचे विधान मात्र जरा सैल आहे. एकविशी पूर्ण होताच, १९७१ मध्ये, वंडर यांनी जुना करार संपू दिला आणि नव्या करारात आपल्या संगीतावरचा ताबा मिळवला. त्यानंतरच्या ‘सुपरस्टिशन’मध्ये (१९७२) ड्रम, क्लॅव्हिनेट आणि मूग सिंथेसायझरवरचा बेस त्यांनी वाजवला, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन इतरांचे. क्लॅव्हिनेटची पट्टी दाबली की रबरी टोक आतली तार दाबते, म्हणून स्वर गिटारसारखा तुटक, ठसकेबाज येतो. गाण्याची सुरुवातीची ओळखीची धून त्याच वाद्याची. वाद्ये एकेक करून ध्वनिमुद्रित करायची आणि थरावर थर चढवायचे, अशी ही रीत.

‘इनरव्हिजन्स’ (१९७३), ‘फुलफिलिंगनेस फर्स्ट फिनाले’ (१९७४) आणि ‘साँग्ज इन द की ऑफ लाइफ’ (१९७६) या तिन्हींना सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी मिळाले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीला राष्ट्रीय सुट्टी मिळावी, या मोहिमेतही ते आघाडीवर होते. तसा कायदा १९८३ मध्ये झाला.