सुट्या भागांची शर्यतगाडी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, तह आणि लढाया उभ्या राहतात. खेळण्यांनाही इतिहास असतो, आणि तो कधीकधी मोठा बोधप्रद असतो, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. आज मी जिच्याविषयी बोलणार आहे ती वस्तू प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल. हातभर लांबीची, बॅटरीवर धावणारी आणि बिनतारी यंत्राने दुरून हाकली जाणारी ती एक मोटारगाडी आहे. तिचे नाव बग्गी. आपल्या परिचयाच्या घोड्याच्या बग्गीचेच हे नाव, फक्त फिरून फिरून ते यंत्राला येऊन चिकटले आहे. ही गाडी मुळात तयार मिळत नसे. एका खोक्यात तिचे सुटे भाग, स्क्रूंच्या पुड्या आणि एक सचित्र पुस्तिका मिळे. गाडी ज्याची त्याने जुळवावयाची आणि जुळवून झाल्यावर तिच्यातील उणिवा हेरून ज्याची त्याने ती सुधारावयाची, असा तिचा शिरस्ता होता. ह्या उणिवांनीच एका पिढीला यंत्रविद्येचे प्राथमिक धडे दिले, असे माझे मत आहे.

यंत्र दुरून बिनतारी हाकण्याची कल्पना तशी जुनी आहे. निकोला टेस्ला ह्या शास्त्रज्ञाने १८९८ साली न्यूयॉर्क येथे एका लहानशा होडीला दुरून वळवून दाखविले, तेव्हा पाहणाऱ्यांना तो जादूचा प्रकार वाटला. परंतु मुलाच्या हाती येईल अशी रेडिओनियंत्रित मोटारगाडी बाजारात यावयास १९६६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी इटलीतील एल-जी नावाच्या कारखान्याने फेरारी गाडीची प्रतिकृती विक्रीस आणली. ती गुळगुळीत जमिनीवर धावत असे. खडी, माती आणि खाचखळगे ह्यांतून धावणाऱ्या बग्गीचे मूळ मात्र कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठी आहे.

तेथे ब्रूस मेयर्स नावाचा एक होड्या बांधणारा कारागीर होता. काचतंतू आणि राळ ह्यांच्या मिश्रणातून होडीचे हलके कवच कसे ओतावे, हे त्याला अवगत होते. त्याने १९६४ साली हीच विद्या फोक्सवॅगनच्या बीटल मोटारीला लावली. बीटलचे इंजिन मागच्या बाजूस असते आणि ते हवेने थंड होते. त्यामुळे पुढचे सारे जड पत्रे काढून टाकले तरी गाडी चालते, उलट मागच्या चाकांवर भार राहून ती वाळूत अधिक चांगली पकड घेते. मेयर्सने पुढे विक्रीसाठी केलेल्या गाड्यांत मूळ मोटारीचा तळ सुमारे चौदा इंचांनी कापून आखूड केलेला असे. ही गाडीसुद्धा तो सुट्या भागांच्या रूपानेच विकी, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. मेयर्सच्या 'मँक्स' बग्गीने १९६७ साली मेक्सिकोतील बाहा द्वीपकल्पाच्या ओसाड प्रदेशातील शर्यत २७ तास ३८ मिनिटांत जिंकली आणि मोडक्या मोटारीपासून केलेल्या ह्या गाडीला एकाएकी प्रतिष्ठा प्राप्त झाली.

आता आपण जपानकडे वळू. कारण ह्या खऱ्या बग्गीला लहान रूप दिले ते जपानी कारागिरांनी. शिझुओका हे लाकूडकामासाठी नावाजलेले शहर. योशिओ तामिया ह्या गृहस्थांनी १९४६ साली तेथे लाकडाची गिरणी काढली. उरल्यासुरल्या लाकडाच्या होड्या व विमाने करण्याचा जोडधंदा पुढे मूळ धंद्यापेक्षा वरचढ ठरला आणि १९५३ साली इमारती लाकडाची विक्री त्यांनी बंद केली. पुढे लाकडाची जागा प्लॅस्टिकने घेतली. योशिओंचे चिरंजीव शुनसाकु ह्यांच्या काळात कंपनीने १९७६ साली पोर्श गाडीची पहिली रेडिओनियंत्रित प्रतिकृती काढली. ह्या प्रतिकृतीच्या अभ्यासासाठी शुनसाकुंनी खरी पोर्श विकत घेऊन ती खोलून पाहिली होती. खेळण्यासाठी एवढी महाग मोटार उघडणाऱ्या माणसाला कोणी वेडा म्हणेल, कोणी व्यापारी म्हणेल. मला तरी तो जातीचा विद्यार्थी वाटतो.

१९७९ च्या अखेरीस तामियाने 'रफ रायडर' ही बग्गी बाजारात आणली आणि तिच्या मागोमाग बीटलच्याच आकाराची 'सँड स्कॉर्चर'. मूळ गाडीच्या एक-दशांश मापाच्या ह्या प्रतिकृती फुमितो ताकी ह्या आरेखकाच्या हातच्या होत. त्यांत केवळ बाह्य रूपाची नक्कल नव्हती. बीटलच्या पुढच्या चाकांना आधार देणारे मागे झुकलेले दांडे जसे असतात, तसेच धातूचे दांडे येथे लहान मापात ओतलेले होते. तळाला काचतंतूची पट्टी होती. पाणी व माती आत शिरू नये म्हणून बॅटरी आणि बिनतारी उपकरणे एका पारदर्शक बंद पेटीत बसविलेली होती. गाडी देखणी होती, पण जड होती आणि स्वस्त तर मुळीच नव्हती.

स्वस्त गाडी आली ती १९८४ साली. तिचे नाव 'ग्रासहॉपर', म्हणजे नाकतोडा. माझ्या दृष्टीने ह्या इतिहासाची खरी नायिका हीच. तिचा सांगाडा म्हणजे एकसंध ओतलेले प्लॅस्टिकचे तसराळे. मागची दोन्ही चाके, त्यांची दंतचक्रे आणि मोटर हे सर्व मिळून एकच ठोकळा, आणि तो ठोकळाच स्प्रिंगांवर खालीवर होई. मोटर लहान, सुमारे २८ मिलिमीटर व्यासाची. फिरणाऱ्या दांड्यांना आधार प्लॅस्टिकच्या बुशांचा. थोडक्यात, काटकसर करता येईल तेथे ती केलेली होती. म्हणूनच ती मुलांच्या आवाक्यात आली.

तिची जुळणी करणे हा एक संस्कारच होता. पुस्तिकेतील प्रत्येक स्क्रू प्रत्यक्ष मापात छापलेला असे. हातातला स्क्रू चित्रावर आडवा ठेवून पाहावा आणि जुळला तरच वापरावा. प्लॅस्टिकच्या भोकात आटे नसतात. स्क्रू प्रथम फिरताना स्वतःच आटे पाडतो. तो जोराने पिळला की भोक कायमचे सैल. तोच स्क्रू काढून पुन्हा बसवावयाचा असेल तर प्रथम तो उलटा फिरवावा, जुन्या आट्यात तो टिचकन बसल्याचे बोटांना कळते, आणि मग सुलटा फिरवावा. हे ज्ञान पुस्तकात वाचून येत नाही. 'हॉर्नेट' ह्या त्याच वर्षीच्या भावंडगाडीचे कवच तर पारदर्शक होते. ते आतील बाजूने रंगवावे लागे. म्हणजे बारीक रेषा आधी आणि पार्श्वभूमी नंतर. काचेवर उलट बाजूने चित्रे काढणारे आपले जुने चितारी ह्याच क्रमाने काम करीत.

गाडी धावू लागली की मालकाला पहिली इच्छा होई ती अधिक वेगाची. हॉर्नेटला लाभलेली सुमारे ३६ मिलिमीटर व्यासाची मोठी मोटर ग्रासहॉपरमध्येही बसत असे, आणि ती बसविणे हीच बहुतेकांची पहिली सुधारणा ठरे. येथून पुढे जे घडते ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात घालावे असे आहे. मोठी मोटर अधिक वीज ओढते. त्या काळची बॅटरी सहा घटांची, ७.२ व्होल्टची, आणि तिची धारणशक्ती १.२ अँपिअर-तास. मोटरीने सरासरी ७.२ अँपिअर प्रवाह घेतला, तर गाडी किती वेळ चालेल? दहा मिनिटे. हे गणित कोणत्याही विद्यार्थ्याने न सांगता सोडविले असते, कारण त्याचे उत्तर त्याच्या संध्याकाळच्या आनंदाला भिडलेले होते.

दुसरा परिणाम वेगनियंत्रकावर होई. त्या वेळी वेग कमी करण्याची युक्ती ओबडधोबड होती. एक छोटी सर्व्हो मोटर धातूची पट्टी संपर्कबिंदूंवरून सरकवी, आणि मंद गतीच्या वेळी प्रवाह एका रोधकातून जाऊन नको असलेली वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाई. प्रवाह वाढला की रोधक तापे आणि संपर्कबिंदू जळून काळे पडत. ते घासून साफ करण्याचा नित्यनेम मालकाला पाळावा लागे.

तिसरा परिणाम सर्वांत सूक्ष्म होता. प्लॅस्टिकच्या बुशांत धूळ शिरून ती झिजत, दांडा आपल्या जागेवरून केसभर हले, दंतचक्रांचे दात एकमेकांत नीट बसेनासे होत आणि शेवटी दात तुटत. ह्याला उपाय बॉल-बेअरिंगचा. दोन पृष्ठभाग घासण्याऐवजी मध्ये गोळ्या लोळतात, म्हणून घर्षण घटते आणि दांडा स्थिर राहतो. आपल्याकडील मुले स्कूटरच्या टाकून दिलेल्या बेअरिंगांना फळी ठोकून रस्त्यावर गाडे पळवीत, त्यांना हे तत्त्व वेगळे शिकवावे लागले नसते. बग्गीला लागणारे बेअरिंग ११ मिलिमीटर बाह्यव्यासाचे आणि ५ मिलिमीटर भोकाचे. नखावर मावेल एवढे.

वेग वाढला, दात टिकले, की चौथी उणीव उघडी पडे. गाडी नावाप्रमाणेच उड्या मारू लागे. स्प्रिंग धक्का झेलते, पण झेललेली शक्ती परत फेकते. ती शक्ती जिरवावयाची तर स्प्रिंगेच्या आत तेलाने भरलेली नळी हवी आणि तेलातून सरकणारा, बारीक छिद्रांचा दट्ट्या हवा. छिद्रांतून तेल कष्टाने जाते आणि उडीची शक्ती तेलाच्या किंचित उष्णतेत संपते. तेल दाट घ्यावे की पातळ, हे मैदानावर ठरे. एका भागाला बळ दिले की दुबळेपणा शेजारच्या भागात जाऊन बसतो, ही गोष्ट त्या चार-सहा महिन्यांत मुलगा स्वतःच्या हातांनी शिकत असे. शाळेत आम्ही हेच घर्षण, रोध आणि स्थितिस्थापकत्व अशा तीन निरनिराळ्या धड्यांत विभागून शिकवितो आणि त्यांचा परस्परसंबंध विद्यार्थ्यांच्या ध्यानात का येत नाही म्हणून खंत करतो. असो.

ह्याच १९८४ साली कॅलिफोर्नियातील असोसिएटेड कंपनीने 'आरसी-१०' ही गाडी काढली आणि ह्या छंदाचा एक मार्ग वेगळा झाला. रॉजर कर्टिस ह्यांनी तिची आखणी खेळणे म्हणून केलीच नव्हती. सोनेरी मुलाम्याच्या ॲल्युमिनियमचा सांगाडा, चारही चाकांना स्वतंत्र आधार, चारही बाजूंना तेलाचे शॉक-ॲब्सॉर्बर. ग्रासहॉपरच्या मालकाने वर्षभर खटपट करून जे मिळवावे, ते येथे पहिल्या दिवसापासून खोक्यात हजर होते. १९८५ साली कॅलिफोर्नियातील डेल मार येथे ह्या वर्गाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तीत दोन चाकांना गती देणाऱ्या गाड्यांच्या गटात जे हॅल्सी ह्याने आरसी-१० हाकून विजेतेपद मिळविले. इंग्लंडमध्ये सेसिल शूमाखर ह्या खऱ्या शर्यतगाड्यांच्या गिअरांवर काम केलेल्या तंत्रज्ञाने दातांऐवजी गोळ्यांवर चालणारे डिफरन्शियल तयार केले होते. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक फिरावे लागते, ती सोय त्याने एका घट्ट-सैल करता येणाऱ्या स्क्रूच्या स्वाधीन केली. बुद्धीची झेप म्हणून ह्या गोष्टींचे कौतुकच केले पाहिजे. पण शर्यत जिंकावयाची तर दरवर्षी नवे भाग विकत घेणे भाग पडू लागले आणि खिसा रिकामा असलेला मुलगा हळूहळू कुंपणाबाहेर गेला.

दुसरा मार्ग याहून सोपा निघाला. अमेरिकेत १९८६ साली स्थापन झालेल्या ट्रॅक्सस कंपनीने आणि तिच्या मागोमाग इतरांनी जुळवूनच दिलेल्या, खोक्यातून काढताच धावणाऱ्या गाड्या विकावयास आरंभ केला. ग्राहकाचा वेळ वाचला, हे खरे. पण गाडी बंद पडली की ती का बंद पडली हे त्याला कळेना. कारण आतील एकही स्क्रू त्याने स्वतः फिरविलेला नव्हता. पुढे इलेक्ट्रॉनिक वेगनियंत्रकाने जळणारे संपर्कबिंदू घालविले, लिथियमच्या बॅटऱ्यांनी धावण्याचा वेळ वाढविला. २.४ गिगाहर्ट्झच्या नव्या प्रेषकांनी तर एक जुनी डोकेदुखीच नाहीशी केली. पूर्वी दोघांच्या प्रेषकांत एकच स्फटिक असला तर एकाची गाडी दुसऱ्याच्या हुकमाने पळे. म्हणून प्रत्येक जण एरियलला रंगीत निशाण लावी आणि आपला रंग मोकळा होईपर्यंत वाट पाही. तेवढ्या वेळात शेजाऱ्याशी ओळख होई, हा त्या गैरसोयीचा एक फायदा होता.

मोडीत निघाल्यासारखी वाटणारी ही जुनी गाडी नव्या शतकात परत आली. तामियाने २००४ साली हॉर्नेट आणि २००५ साली ग्रासहॉपर पुन्हा बाजारात आणली. २००९ साली रफ रायडर 'बग्गी चॅम्प' ह्या नावाने आणि २०१० साली सँड स्कॉर्चर आली. असोसिएटेडनेही २०१३ साली आपली जुनी आरसी-१० पुन्हा घडविली. आपल्या लहानपणी दुकानाच्या काचेबाहेरून जी पाहिली, ती आता स्वतःच्या पैशाने घेणारे चाळिशीतले गृहस्थ ह्या गाड्यांचे गिऱ्हाईक झाले, आणि पुष्कळांच्या शेजारी जुळणीला त्यांची मुले बसली. शुनसाकु तामिया २०२५ च्या जुलै महिन्यात नव्वदाव्या वर्षी निवर्तले. त्यांच्या कंपनीने नव्या ग्रासहॉपरला वेगनियंत्रक इलेक्ट्रॉनिक दिला. मोटर मात्र लहानच ठेवली आणि बुश प्लॅस्टिकचे. बेअरिंगांची पुडी वेगळी विकत मिळते.